भाऊंना रिकामं खपत नाही

भाऊंच्या घरी चहाला गेलात तर कप शेवटच्या घोटापर्यंत हातातून सोडू नका. खाली ठेवलात आणि त्याचा तळ भाऊंना दिसला, की कप गेला. तुम्ही एखाद्या मयताची हकिकत सांगत असलात तरी भाऊ मध्येच उठतात, कप मागीलदारी नेऊन विसळतात, पालथा घालतात, आणि परत येऊन ‘हां, मग केव्हा गेले?’ म्हणून विचारतात.

रिकामी वस्तू जागेवर राहिलेली त्यांना बघवत नाही. काडेपेटीत दोन काड्या उरल्या तर त्या उगाचच ओढून संपवतात आणि खोकं चुलीत टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांचंही तेच. ‘सत्यनारायण २०१८’, ‘बसभाडं हिशोब’, ‘जीर्णोद्धार समिती (जुनी)’ असे ग्रुप गावागावात पडून असतात, कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. भाऊंना तिथे अ‍ॅडमिन केलं की ते एकेकाला नारळ देत जातात आणि शेवटी स्वतः बाहेर पडतात. ‘जीर्णोद्धार समिती (जुनी)’मधून काढलेले एक गृहस्थ अजून भाऊंशी बोलत नाहीत. नव्या समितीत त्यांना घेतलेलंच नव्हतं. जुनीत तरी होतो, असं त्यांचं म्हणणं.

हा स्वभाव मुंबईच्या फ्लॅटात शोभला असता. पण भाऊ राहतात कोळंबला. मालवणहून आचऱ्याकडे निघालं की खाडीवरच्या पुलापलीकडे. आणि आमच्या मुलखात रिकामं असं काही नसतंच. गुरं विकून वर्षं झाली तरी गोठा असतो, कारण उद्या पाडी घेतली तर? होडी मोडीत निघाली तरी वल्हं पडवीच्या आढ्याला असतं. भाऊंच्या थोरल्या काकींच्या तोंडी या सगळ्यासाठी दोनच शब्द : ‘असांदे, लागात.’ बायको-मुलं अंधेरीत, घरात ही दोन माणसं. एक काढणारा आणि एक ठेवणारी.

भाऊ एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतात. २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आले ते आलेच. काम काय करतात हे गावाला नीट कळलेलं नाही. खरं तर ते पगार घेऊन रिकाम्या फाइली काढतात. हे ऐकल्यावर ‘येवढ्यासाठी पगार?’ असं विचारण्याचा मोह सगळ्यांना होतो. विचारू नये. पुढचा दीड तास जातो.

तो दीड तास असा. एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसमध्ये २००५च्या आवृत्तीपासून मोठ्या टेबलाची वाटणी करता येते. टेबल एकच, ओळी कोट्यवधी, पण आत तारखेप्रमाणे भाग पाडलेले. कुठली तारीख कुठल्या भागात, हे ठरवतं ते पार्टिशन फंक्शन. कुठला भाग कुठल्या फाइलग्रुपात राहील, हे सांगते ती पार्टिशन स्कीम. आणि फाइलग्रुपाच्या पोटात असतात डिस्कवरच्या प्रत्यक्ष फाइली. भाऊ तेव्हा तरुण होते आणि सोय नवी होती. त्यांनी हौसेने दर महिन्याला एक स्वतंत्र फाइलग्रुप दिला, त्याला महिन्याचं नाव दिलं. पुढे जुना डेटा नियमाप्रमाणे बाहेर काढून दुसरीकडे ठेवला गेला, तसतसे हे फाइलग्रुप आतून मोकळे होत गेले. ‘जानेवारी २००९’ नावाचा फाइलग्रुप आहे, त्यात जानेवारी नाही.

‘राहू द्या ना, खातायत काय?’ असं मुंबईचा साहेब दर तिमाहीला विचारतो. जागा फारशी खात नाहीत, हे भाऊंनाही मान्य आहे. पण हाच डेटाबेस उद्या दुसऱ्या सर्व्हरवर उतरवायचा झाला आणि तिथल्या डिस्का वेगळ्या असल्या, तर एकेका फाइलीला ‘तू इथे बस’ म्हणून वेगळी ओळ लिहावी लागते. रिकामीलासुद्धा. ज्या महिन्यांत काही उरलेलं नाही त्यांनाही आसन दाखवायचं, हे भाऊंच्या जिवाला लागतं. माझं मत विचाराल तर साहेबाचं चूक नाही. पण साहेबाचं म्हणणं आणि काकींचं म्हणणं हुबेहूब एक आहे, आणि भाऊंची खरी पंचाईत तीच : ज्यापासून सुटायला लॅपटॉप उघडावा तेच लॅपटॉपात.

फाइल काढण्याचा मुहूर्त शनिवारी रात्री एक ते चार. भाऊ माळ्यावर बसतात, कारण रेंज तिथेच येते. पावसाळ्यात वीज जाते, मग इन्व्हर्टर कुंथायला लागतो आणि काकी खालून विचारतात, ‘झिला, झाला काय रे?’ भाऊ म्हणतात, ‘नाय अजून.’ हा संवाद पहाटेपर्यंत चालतो.

नवख्याला वाटतं, फाइल रिकामी आहे ना, मग काढा. भाऊ म्हणतात, रिकामी आहे असं कोण म्हणतं? डेटाबेसला विचारा. विचारायची आज्ञा वेगळी, रिकामी करायची वेगळी, काढायची वेगळी. रिकामी करायच्या आज्ञेचं नाव ‘श्रिंकफाइल’, तिला पुढे ‘एम्प्टीफाइल’ जोडायचं. ती दिली की आतला डेटा उठून त्याच ग्रुपातल्या दुसऱ्या फाइलीत जातो आणि मागे राहिलेल्या फाइलीत नवं काही ठेवायची मनाई होते. ग्रुपात दुसरी फाइलच नसली तर? मग संदेश क्रमांक २५५५ : सामान हलवायला जागा नाही.

हे सगळं भाऊंनी एकदा आचऱ्याच्या एका गृहस्थांना गावपळणीवरून समजावायचा प्रयत्न केला. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. भाऊ म्हणाले, ‘बगा, एम्प्टीफाइल म्हणजे तुमची गावपळण.’ गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुमची फाइल वेशीभायर जाता?’

‘नाय. त्याच ग्रुपात जाता.’

‘तीन दिवसांनी परत येता?’

‘नाय.’

‘मगे रे ती कसली गावपळण? ता घरातून भायर काढणां झाला.’

भाऊ हरले की वहीत लिहून ठेवतात. हेही लिहिलं.

आता खरी मौज पुढे आहे. फाइल रिकामी झाली, काढली, फाइलग्रुप मोकळा उरला. तो काढायला जावं तर संदेश क्रमांक ५०४२ : रिकामा नाही, काढता येणार नाही. आत शोधावं तर काही नाही. धंद्यातली अर्धी माणसं इथे सर्व्हरला शिव्या घालतात. भाऊ घालत नाहीत. ते म्हणतात, आत नाही ना, मग बाहेर कोणीतरी त्याचं नाव धरून बसलंय, ते शोधा. एकदा असं निघालं की कुठल्याशा टेबलात एक रकाना होता, कधी मोठी कागदपत्रं आलीच तर ती ‘मार्च २०११’मध्ये ठेवावीत असं लिहिलेला. कागदपत्र एकही आलेलं नव्हतं. येणार होतं.

पण बहुतेक वेळा नाव धरून बसलेली असते ती पार्टिशन स्कीम. तिच्या यादीत नाव असेतो फाइलग्रुप हलत नाही, आत काडी नसली तरी. आणि यादीतलं नाव थेट खोडायची आज्ञाच नाही. खोडायचं तर सीमा पुसावी लागते. दोन शेजारच्या भागांमधली सीमा पुसली की ते एक होतात, एक फाइलग्रुप यादीतून उठतो, एक राहतो. उठणाऱ्यात ओळी असल्या तर त्या राहणाऱ्याकडे वाहून न्याव्या लागतात. मग उठायचं कोणी? सीमेवरची तारीख ज्याची, त्याने. ती तारीख कोणाची? फंक्शन ‘रेंज राइट’ असेल तर उजवीकडच्या भागाची, ‘रेंज लेफ्ट’ असेल तर डावीकडच्याची. हे न बघता कंपनीतल्या एका पोराने भलतीच सीमा पुसली आणि रिकामा महिना राहून भरलेला महिना रात्रभर त्याच्या घरी सामान वाहत बसला. लॉग इतका फुगला की डिस्क भरली. सकाळी पोराचा आवाज फुटत नव्हता. भाऊ त्याला एवढंच म्हणाले, ‘तुमच्या गावाक गडगो नाय वाटता.’

कारण गडग्यावरच्या माडाचं प्रकरण भाऊंच्या घरचंच. त्यांच्या नि शेजाऱ्यांच्या जमिनीमधल्या गडग्यात एक माड आहे, वाऱ्याप्रमाणे कधी इकडे नारळ टाकतो, कधी तिकडे. दोन पिढ्या त्यावर अबोला आहे. भाऊंनी येऊन पहिल्याच वर्षी निकाल दिला : आपला गडगा रेंज राइट, सीमेवरचं जे असेल ते उजवीकडच्याचं, तेव्हा माड तुमचा. न्यायाची किंमत म्हणून स्वतःचा माड सोडला. शेजारी बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ‘उजवीकडे म्हणजे रस्त्याकडे तोंड करून, की खाडीकडे?’ वाद आहे तिथेच आहे. आता त्यात दिशेची भर पडली एवढंच.

भाऊंचा आवडता दाखला मात्र आमच्या जिल्ह्याचा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे दोन भाग होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला, मुख्यालय ओरोसला गेलं. ‘येवढो मोठो स्प्लिट,’ भाऊ डोळे मिटून म्हणतात, ‘आणि एक ओळ हलली नाय! माणसा थयच, माड थयच, खाडी थयच. नुसता पत्त्यात नाव बदललां.’ भरलेल्या भागात नवी सीमा घातली की ओळींची केवढी उचलाउचल होते ते ज्याने रात्र जागून पाहिलंय, त्यालाच हा आनंद कळणार.

असा माणूस स्वतःच्या घराकडे बघितल्याशिवाय राहील कसा? घर पणजोबांचं, पाच खोल्या एका ओळीत, पुढे लांब पडवी. पहिली खोली लालबागच्या चुलतभावाची. दुसरीत भाऊ आणि काकी. मध्ये देवघर, सामाईक. चौथी बडोद्याच्या भावाची, पाचवी डोंबिवलीच्या. देवघराला हात लावायचा प्रश्न नव्हता. डेटाबेसातही ‘प्रायमरी’ फाइलग्रुप काढता येत नाही. पण कुलुपातल्या तीन खोल्या भाऊंच्या डोळ्यांपुढे चोवीस तास. त्यांना रात्री झोप लागेना.

सातबारा काढला. त्यावर इतकी नावं होती की भाऊंना पहिल्यांदा कोणाच्या तरी स्कीमबद्दल आदर वाटला. त्यांतल्या काहींचे वारस अजून लागलेले नव्हते. माणसं गेली, नावं कब्जेदार म्हणून ठाम उभी. ‘लॉगचो बॅकअप होयसर काढलेल्या फाइलीचा नाव यादीत ऱ्हवता, तसां,’ असं ते तलाठी कार्यालयात म्हणाले. तिथल्या माणसाने वर न बघता वारस नोंदीचा अर्ज पुढे सरकवला. जमीन महसूल संहितेच्या ८५व्या कलमाने तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं, हेही सांगितलं. भाऊ म्हणाले, ‘माका वाटप नको, माका मर्ज व्हया.’ त्याचा अर्ज कार्यालयात नव्हता.

मग गणपतीत माणसं आली तेव्हा भाऊंनी बैठक घेतली. ही वेळच चुकीची. जूनमध्ये मोजल्या तर तिन्ही खोल्या रिकाम्या. भाद्रपदात मोजल्या तर लालबागच्या खोलीत नऊ माणसं आणि पडवीत आणखी चार. माटवीला कवंडळ बांधलेलं, भजनकरी यायच्या बेतात, आत काळ्या वाटाण्याचं सांबारं रटरटतंय, आणि भाऊ भिंतीवर तक्ता लावून सांगतायत की या घरात साठ टक्के जागा वर्षातले तीनशेपन्नास दिवस वापरात नाही. एकत्रीकरणाला तत्त्वतः कोणाचीच हरकत नव्हती. फक्त प्रत्येकाचं म्हणणं होतं की दुसऱ्याची खोली आपल्या खोलीत एकत्र करावी.

काकी खोबरं किसत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

‘तुझ्या त्या कॉम्प्युटरात सगळीच रिकामी काढतंस?’

खोटं बोलणं भाऊंच्या रक्तात नाही. ते म्हणाले, ‘नाय. दोन टोकांचे भाग मुद्दाम रिकामे ठेवूक लागतत.’

हे खरं आहे, आणि बनवणाऱ्यांचाच सल्ला आहे. पहिला आणि शेवटचा भाग कायम मोकळा ठेवावा, म्हणजे नवा महिना जोडताना किंवा जुना काढताना एकही ओळ उचलावी लागत नाही. शिवाय जो फाइलग्रुप पुढच्यासाठी राखायचा त्याच्यावर ‘नेक्स्ट यूज्ड’ अशी खूण करावी लागते. खूण असेतो तो यादीतून उठत नाही. ती काढायची रीतही मोठी सुरेख आहे : तीच आज्ञा पुन्हा द्यायची, पण पुढे कोणाचंच नाव घ्यायचं नाही. पुढचा कोण, असं म्हणून गप्प राहायचं. खूण पुसली जाते.

‘मगे ह्या टोकाची आणि त्या टोकाची रवांदे,’ काकी म्हणाल्या आणि किसणी झटकली.

लालबाग आणि डोंबिवली एका दमात सुटले. उरली बडोद्याची, बरोबर देवघराला लागून. तो भाऊ गणपतीलाही आलेला नव्हता. त्याची सून गुजराती, नातू इंग्रजीत बोलतो. भाऊंनी सुरेख रीत वापरली. घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘चौथ्या खोलीत पुढच्या वर्षी कोण?’ आणि पुढे काही नाही. ‘आम्ही’ असं लालबागने लगेच लिहिलं, डोंबिवलीने त्याच्यावर ‘आम्ही आधी’ लिहिलं, पण बडोदा आठवडाभर गप्प राहिला. मग एक दिवस कुरियरने किल्ली आली. सोबत चिठ्ठी, की आता येणं होत नाही, काय करायचं ते कर, कागद पाठव, सही करतो.

भाऊंनी ती किल्ली हातात धरून जो चेहरा केला तो मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. इतकी वर्षं ते फाइलग्रुप काढत आले, पण कोणी आपण होऊन ‘काढ’ म्हणालेलं नव्हतं. मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. दार आत ढकललं तर ढकलेना.

जोर लावला तेव्हा आतून काचेचा आवाज आला. खोली जमिनीपासून वाशांपर्यंत भरलेली. आगळाच्या बाटल्या, तेलाचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, शीतपेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, सगळ्या धुऊन, बुचं लावून, उंचीप्रमाणे रांगेत. पलीकडे देवघरातून एक आतलं दार होतं; ते कोणाच्या तक्त्यात नव्हतं. काकी त्याच दारात उभ्या होत्या.

‘काकी, खोली भरलेली हा!’ भाऊ ओरडले.

‘भरलेली खंय?’ काकी म्हणाल्या. ‘सगळी रिकामीच आसत.’

भाऊंनी फोटो काढून बडोद्याला पाठवला, खाली फक्त ‘५०४२’ लिहिलं. त्याला तो आकडा कसा कळणार? त्याने फोटो मोठा करून बघितला असावा, कारण तासाभराने उत्तर आलं ते वेगळंच : डाव्या कोपऱ्यातली निळ्या झाकणाची बरणी त्याच्या आईची, ती कोणाला देऊ नये, मे महिन्यात येऊन घेऊन जातो. किल्ली तोवर काकींकडे ठेवावी.